आडवी टाकलेली बोराटी

ती फांदी मी उचलली. वाऱ्यानं नाही, वानरांनी नाही, गुरांनी नाही. मी. हे वाक्य चार वर्षं माझ्या तोंडात होतं. मी मुळात कमी बोलणारा माणूस. कमी बोलणाऱ्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो, की तो मनातसुद्धा कमीच बोलत असेल.

आधी माणसं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. राहतो हर्सूलला, मूळ गाव वैजापूरकडचं. माझ्या बायकोची धाकटी बहीणही याच शहरात दिलेली. तिचा नवरा माझा साडू. त्याचं मोटारपंपांचं दुकान आहे. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. आमची दोघांची लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात लागली. त्यामुळं लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा मला त्याच्यापासून सुटका नाही.

बारसं असो की साखरपुडा, मी दिसलो की तो माझ्या बायकोला हाक मारून विचारायचा, "ताई, आमचे साडूभाऊ आजही सायलेंटवरच का? व्हायब्रेट तरी होतात का घरी?" पन्नास माणसं हसायची. मीही हसायचो. बायको भांडी उचलायला आत जायची.

पन्नाशी जवळ आली तसं त्याला डोंगरांचं वेड लागलं. बूट आले, घडीची काठी आली, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ आलं. हर्सूलच्या तलावावर सकाळी फिरणाऱ्या मंडळींत कुणीतरी त्याला सांगितलं, की कन्नडच्या पुढं आत वळलं की जंगल लागतं, आणि त्या जंगलात डोंगरावर एक तळं आहे, तिथवर गाडी जात नाही, फार कुणी जातही नाही. झालं. फार कुणी जात नाही म्हटल्यावर त्याला जायलाच पाहिजे होतं. बरोबर न्यायला मी.

बायको म्हणाली, "जा की एकदा. सारखं तोंड फिरवून बसता. एकुलते एक साडू आहात एकमेकांना."

मी गेलो.

दसरा होऊन गेला होता, दिवाळी यायची होती. डोंगराखालच्या गावात वनसमितीची एक यादी असते. गावातले सात-आठ जण वाटाडे म्हणून त्यात नोंदवलेले, ज्याची पाळी तो बरोबर येतो. आमच्या वाट्याला आला तो चाळिशीचा, शेळ्या राखणारा, सडपातळ माणूस. पायात टायरच्या चपला, खांद्यावर कुऱ्हाड. बायकोशी दखनीत बोलत होता, आमच्याशी मराठीत.

साडूनं त्याला सुरुवातीलाच घेतलं. "काय मामू, वाघबिघ आहे का वर?"

"वाघ नाय साहेब. बिबट्या हाय. पण त्यो बोलणाऱ्या मान्साच्या जवळ येत नाय."

"मग आमच्या साडूभाऊंचं अवघडच आहे!"

वाटाड्याला काही कळलं नाही, पण पाहुणा हसतोय म्हणून तोही हसला.

ते जंगल मला पहिल्या पावलापासून आवडलं नाही. लोक जंगलाबद्दल शांत, गार वगैरे लिहितात. तिथं कुसळ होतं. वाळलेलं, कमरेएवढं, पिवळं. पँटमधून, मोज्यांतून आत शिरून ते मांसात जायला बघत होतं. साग अर्धा उघडा, अंजनाची झाडं खडकाला नखं रोवून उभी असल्यासारखी, आणि मधल्या सगळ्या जागेवर घाणेरीनं कब्जा केलेला. वाट म्हणजे पावसाळ्यात पाणी जिथून पळालं ती घळ. काळे धोंडे पायाखाली हलत. वर वानरं होती, ती आमच्यावर खेकसत होती. सकाळी नऊलाच ऊन मानेवर बसलं. साडू पुढं मोबाईल धरून स्वतःचाच व्हिडिओ काढत चालला होता. "मित्रांनो, रस्ता खडतर आहे, पण इरादा पक्का आहे." मित्र कोण, मला माहीत नाही.

दीड तास चढल्यावर डोंगराच्या एका खांद्यावर आलो. तिथं फोन लागतो. वाटाड्याचा फोन वाजला. घरून. त्याची शेळी व्यायला बसली होती, पिल्लू अडकलं होतं, बायकोला एकटीला जमत नव्हतं. त्यानं फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "साहेब, धा मिन्टं हितं बसा. म्या पुढं जाऊन येतो." आणि पळाला. धोंड्यांवरून असा पळाला जसा मी घरातल्या फरशीवर पळू शकणार नाही.

परत आला तेव्हा त्याच्या हातावर काट्यांचे ओरखडे होते.

"ध्यान देऊन ऐका. पुढं दोन वाटा फुटतात. रुंद दिसती ती आपली नाय. ती जुनी गुरांची वाट, पुढं कडा ढासळलाय. तिच्यावर म्या बोराटी आडवी टाकून आलोय. आडवी बोराटी म्हंजे वाट बंद. बारकी वाट धरा, नीट तळ्यावर जाता. म्या दुपारपत्तोर तळ्यावर येतो. शेळी मरंल साहेब, नायतर गेलो नसतो."

"जा बाबा जा," साडू म्हणाला. "बोराटी म्हणजे तुमचा ट्रॅफिक पोलीसच म्हणायचा."

बोराटी म्हणजे रानबोरीची काटेरी फांदी. मला ती समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या वैजापूरकडच्या शेतात माझ्या वडिलांनी जन्मभर तेच केलं. बांधावरची वाट मोडायची असली की बोराटी आडवी. बैल थांबतो, माणूस थांबतो, चोरसुद्धा विचार करतो. हे मी एवढ्यासाठी सांगतो, की मला कळलं नाही असं मला म्हणता येणार नाही. वाटाड्यानं पुढं कडा ढासळलाय असंही सांगितलं होतं. तेही मी ऐकलं होतं.

वाटाडा उतरून गेला. आम्ही दोघं उरलो. साडू अजूनही धापा टाकत होता, एका धोंड्यावर टेकला, पाणी प्यायला. मग अचानक म्हणाला, "साडूभाऊ, एक विचारू? तुम्हाला कधी राग येत नाही का हो?"

"कशाचा?"

"नाही, म्हणजे मी आधी ताईला बघायला आलो होतो. माहीत असेलच की तुम्हाला. मी नको म्हटलं, धाकटी द्या म्हटलं. मग थोरलीला घरात कसं ठेवायचं, म्हणून तुम्हाला धावतपळत शोधलं. मी नको म्हटलेली बाई तुम्ही जन्मभर सांभाळली. मानलं पाहिजे." माझ्या पाठीवर थाप मारली आणि हसला. "मस्करी हो. तोंड बघा कसं केलंय!"

मला माहीत होतं. लग्नाआधीच कुणीतरी कानावर घातलं होतं. मांडव एकच का, मुलगी बघून आठ दिवसांत लग्न का, हे मला सगळं माहीत होतं, आणि बावीस वर्षांत मी ते घरात एकदाही काढलं नव्हतं. बायकोच्या हातचं जेवताना, तिचा ताप बघताना, तिच्या डोक्यात पहिला पांढरा केस दिसला तेव्हा, मधूनच ते वर यायचं: हिला त्यानं नको म्हटलं होतं. आणि मी ते खाली दाबायचो. आता ते जंगलात, उघड्यावर, हसत हसत बोललं गेलं.

 उठून चालू लागलो.

"व्हा पुढं," तो मागून म्हणाला. "मी या खांद्यावरचा एक व्हिडिओ काढून येतो."

वाटा फुटतात तिथं मी एकटा पोचलो. रुंद वाट डावीकडं, तिच्यावर बोराटी आडवी, ताजी तोडलेली, बुंध्याला कुऱ्हाडीचा पांढरा घाव. उजवीकडं बारकी वाट, जिला वाट म्हणायला मन धजावू नये अशी. मी उभा राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मनात काय होतं ते मात्र सांगता येतं. त्याचा जीव घ्यावा असं नव्हतं. तो चुकावा, तास-दीड तास उन्हात हेलपाटे घालावेत, घामाघूम होऊन तळ्यावर यावं, आणि मी तिथं सावलीत बसलेलो असावा. एकदा तरी मी म्हणावं, "काय साडूभाऊ, वाट चुकला?" एवढंच. एवढंच म्हणताना कड्याचं मी मुद्दाम मनात आणलं नाही. मुद्दाम न आणणं म्हणजेही आणणंच असतं.

बुंध्याकडून फांदी उचलली. एक काटा तळहातात गेला, तो मोडून आतच राहिला. फांदी करवंदीच्या जाळीमागं नेऊन ठेवली आणि बारक्या वाटेनं निघालो. वीस-पंचवीस पावलांवर एक मोठा धोंडा होता, त्याच्या आड थांबलो. तो शीळ घालत आला. क्षणभर थबकला. "साडूभाऊ!" म्हणाला. मी बोललो नाही. तो डावीकडं गेला.

तळं म्हणजे मला काय वाटलं होतं कुणास ठाऊक. डोंगराच्या कुशीत खळगा आणि त्यात काळपट हिरवं पाणी. काठाला चिखल, चिखलात रानडुकरांचे खूर. वारा नाही. पाण्यात आभाळसुद्धा नीट दिसत नव्हतं. एक टिटवी मला बघून ओरडायला लागली ती थांबेच ना. मी आंब्याच्या सावलीत बसलो, बायकोनं दिलेला डबा उघडला. ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा.

पहिला घास घेतला आणि हाक आली.

लांबून, वरून, जरा डावीकडून. माणसाची हाक. मी स्वतःला म्हटलं, मोर असेल. मोर मी लहानपणापासून ऐकलेत. दुसरी आली. वानर असेल म्हटलं. तिसरीत माझं नातं होतं: "साडूभाऊ!" मी भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. चौथी, पाचवी. मला वाटलं, ओरडू दे. पन्नास माणसांपुढं मला हाक मारतोस ना, आता इथं मार. मी पूर्ण भाकरी खाल्ली. ठेचा पुसून खाल्ला. पाणी प्यायलो. डबा धुतला. मग उठलो.

फांदीचं मी चार वर्षांत स्वतःला कितीतरी वेळा माफ करून पाहिलं. भाकरीचं नाही.

कड्याची कडा पावसानं आतून खाल्ली होती आणि वरून कुसळानं झाकली होती. तो दोन पुरुष खाली, मुरमाच्या घसरणीवर पडला होता. डावा पाय गुडघ्याखाली नको तिकडं वळलेला. तोंड पांढरंफटक. मला बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आलात का. मला वाटलं, तुम्हाला ऐकूच येत नाहीये."

"लांब होतो," मी म्हणालो.

वाटाडा बोलल्याप्रमाणे दुपारी आला, आमच्या आवाजावर कड्यापाशी पोचला. शेळी वाचली होती, त्याच्या सदऱ्यावर अजून रक्त होतं. त्यानं खाली एकदा बघितलं आणि आला तसा गावाकडं पळाला. चार माणसं आणि एक बाज घेऊन आला. बाजेवर साडूला दोरानं बांधलं आणि खांद्यावर घेऊन ते निघाले. साडू शंभर किलोच्या आतबाहेरचा. खांदा बदलायला बाज टेकवली ती नेमकी वाटा फुटतात तिथं.

साडूनं मान उचलली. "कुठंय रे तुझी फांदी?"

वाटाड्यानं बघितलं. मागं-पुढं दहा पावलं फिरला. मग माझ्याकडं आला. "साहेब, तुम्ही पुढं व्हता. तुम्ही तरी बघितली आसंल."

"नाही," मी म्हणालो. "मला दिसली नाही."

"आईची आन साहेब, म्या टाकली व्हती. हे बगा," त्यानं ओरखडलेले हात पुढं केले. "हे कशाचं हायेत मग?"

साडूनं त्याला आईवरून शिवी दिली. वाटाड्यानं हात खाली घेतले, बाजेखाली खांदा दिला आणि चालू लागला. त्या शिव्या ऐकत तो दोन तास चालला. त्याचा खांदा सोलला होता. मी मागून काठी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन चालत होतो.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी साडूनं तक्रार सांगितली आणि मी लिहून घेतली, कारण माझं अक्षर चांगलं आहे. 'सदर वाटाडा आम्हांस धोकादायक ठिकाणी सोडून निघून गेला.' हे खरं होतं. 'खूण म्हणून फांदी टाकल्याचे तो खोटे सांगत आहे.' हे त्यानं सांगितलं. त्याखालचं वाक्य त्यानं सांगितलं नव्हतं, ते माझं: 'वाटेवर कोणतीही फांदी नव्हती, हे मी स्वतः पाहिले आहे.' खाली दोघांच्या सह्या. समितीनं फार चौकशी केली नाही. दवाखान्यातले फोटो होते, शहरातली दोन माणसं होती, सुवाच्य कागद होता. आणि वाटाड्याचं नाव असं होतं, की ते ऐकल्यावर आजकाल पुष्कळ लोक पुढचं विचारत नाहीत. कागद लिहितानाच मला हे माहीत होतं. त्याचं नाव यादीतून काढलं.

पुढची चार वर्षं साडूनं मला सुखानं जगू दिलं नाही, आणि तेही प्रेमानं. पाय जुळला पण इंचभर आखूड राहिला. डोंगर सुटला. काठी टेकत हर्सूलच्या तलावाला अर्धी फेरी मारतो. पण टोमणे थांबले. आता तो लोकांना सांगायचा, "साडूभाऊ नसते तर मी तिथंच संपलो असतो. माणूस बोलत नाही, पण वेळेला धावतो." ते सायलेंट, व्हायब्रेट मला परवडलं असतं. या बोलण्यानं माझं रक्त आटायचं. त्याच्याबद्दलचा माझा द्वेष तसूभर कमी झाला नाही, उलट वाढला. ज्याचा पाय आपण मोडला त्यानं आपले उपकार मानावेत, यासारखा सूड नाही, आणि तो सूड घेतोय हे त्याला माहीतसुद्धा नाही.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं. अक्षता पडल्यावर त्यानं माईक घेतला, मला वर बोलावलं, फेटा बांधला, शाल घातली. "हा माझा साडू नाही, माझा भाऊ आहे." वाजंत्री वाजली. मी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको भाकरी थापत होती. मी ओट्याजवळ उभा राहून सगळं सांगितलं. फांदी, हाका, भाकरी, कागद. तिचा हात परातीत थांबला.

"कशासाठी?" एवढंच विचारलं.

आता तेही सांगावं लागलं. "तो म्हणाला, मी नको म्हटलेली तुम्ही सांभाळली."

तिनं हाताचं पीठ झटकलं. मग जे हसली ते हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. "त्यानं नको म्हटलं? पसंत मलाच केलं होतं त्यानं. नकार मी दिला. चहा देताना बघितलं ना, बरोबर आलेल्या चुलत्याच्या तोतरेपणावर सगळ्यांदेखत हसत होता. आमच्या वडिलांना म्हटलं, हा माणूस मला नको. त्यांनी अब्रूपायी उलटं पसरवलं, की मुलाला धाकटी आवडली. धाकटीलाही तो आवडलाच होता म्हणा." तवा जळायला लागला होता, तिनं गॅस बंद केला. "आणि तुम्ही हे धरून बसलात? सव्वीस वर्षं? एकदा विचारलं असतं तर जीभ झडली असती का?"

मी काही बोलणार तर म्हणाली, "माझ्यापुढं रडू नका. माझ्या बहिणीचा नवरा लंगडा केलात आणि एका गरिबाला खोटं पाडलंत, ते माझ्या नावानं. त्या माणसाकडं जा. ते मिटेपर्यंत माझ्याशी बोलू नका. नाही तरी तुम्हाला सवय आहेच."

त्या रविवारी गेलो. वाटाडा घरापुढं शेळ्यांना पाला टाकत होता. मला त्यानं लगेच ओळखलं. पाहुणा दारात आला की पाणी देतात. त्याची बायको दारात आली, मला पाहिलं आणि आत गेली. पाणी आलं नाही.

मी सांगायला लागलो. दोनच वाक्यं झाली असतील.

"ठावं हाय," तो म्हणाला. "म्या दुसऱ्याच दिवशी जाऊन बघितलं. करवंदीमागं व्हती. बुडखा आत, शेंडा बाहीर, नीट ठिवल्याली. वाऱ्याला बुडखा-शेंडा कळतो व्हय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? तुमच्या कागदावर दोन सह्या व्हत्या. माज्याकडं फांदी व्हती." पाल्याची पेंढी खाली टाकली. "चार वर्सं झाली साहेब. पोरं मला 'बोराटी' म्हणून हाक मारत्यात गावात. लई वाईट वाटायचं आधी. आता वाटत नाय."

"माझं चुकलं. मला माफ..."

"ते नगं." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "माफी घिऊन काय करू, शिजवू? जसं लिवलं तसं खोडा. कागदावर. आन एकट्याचं चालायचं नाय, त्या लंगड्या साहेबाची बी सही आना. तक्रार दोघांची व्हती."

म्हणजे साडूकडं जाणं आलं. वाटाड्याला ते कळत होतं, म्हणूनच त्यानं ते मागितलं असावं.

साडू दुकानात होता. मागच्या खोलीत बसलो. नोकराला बाहेर पाठवलं. मी सगळं सांगितलं, फक्त बायकोनं दिलेला नकार सांगितला नाही, तो तिचा होता. तो मध्ये एकदाही बोलला नाही. त्याला इतका वेळ गप्प मी कधीच पाहिलं नव्हतं. आखूड पाय पुढं सोडून बसला होता, त्याच्याकडंच बघत होता.

शेवटी म्हणाला, "फांदीचं समजलं. मी बोललो तसं मला कुणी बोललं असतं तर मीही उचलली असती. कदाचित धोंडा घातला असता." मग मान वर केली. "हाक कुठून ऐकली?"

"तळ्यावरून."

"ते नाही. कितवी?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. "पहिली," मी म्हणालो.

"मी मोजत होतो," तो म्हणाला. "घसा गेला तरी मोजत होतो. एकतीस." मग विचारलं, "आणि तू काय करत होतास?" सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो मला अरेतुरे करत होता.

"जेवत होतो."

त्यानं टेबलावरचा कोरा कागद माझ्याकडं सरकवला. "लिही. अक्षर चांगलं आहे ना तुझं. आणि हाकेचंही लिही त्यात. एकतीस लिही. जेवत होतो असं लिही. ते नसेल तर मी सही करणार नाही."

मी लिहिलं. त्यानं वाचलं, सही केली. पेन माझ्या अंगावर फेकलं नाही, शिवी दिली नाही. "माझ्या बायकोला मी सांगतो. तू घरी येऊ नको. मेलो तरी येऊ नको," एवढं म्हणाला आणि नोकराला हाक मारली.

कागद घेऊन पुढच्याच आठवड्यात गावात गेलो. समितीच्या खोलीत वनरक्षक होता, समितीचे तिघं होते, वाटाडा भिंतीला टेकून बसला होता. वनरक्षकानं कागद मोठ्यानं वाचला. 'पहिल्या हाकेपासून ऐकू येत असूनही मी जेवण पूर्ण केले' इथं तो अडखळला, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग यादीत नाव परत घेतल्याची नोंद झाली. त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"तुला काही म्हणायचंय का?" वनरक्षकानं वाटाड्याला विचारलं.

"हाय. ह्यो कागुद बाहीर भिताडाला लावा. आन ह्यास्नी त्याच्याजवळ उभं ऱ्हाऊ द्या. मानसं रानातनं आत्ता यायला लागतील. ज्यास्नी वाचता येत नाय, त्यास्नी ह्यांनी वाचून दावायचं."

तिघं एकमेकांकडं बघू लागले. वनरक्षक म्हणाला, "असं करता येत नाही, अर्ज झालाय, नोंद झाली..."

"उभा राहतो," मी म्हणालो.

खोलीच्या बाहेर उन्हात भिंतीला कागद चिकटवला. सरपणाच्या मोळ्या घेऊन बायका येत होत्या, कापसाची ओझी घेऊन माणसं. थांबत होती. वाटाडा समोरच्या ओट्यावर बसून होता. मी वाचून दाखवत होतो. पहिल्या तीन-चार वेळा आवाज फुटला, मग फुटायचा थांबला. पोरांनी हसून घेतलं. एकानं थुंकलं, माझ्यावर नाही, बाजूला. एक म्हातारी मोळी उतरवून खाली बसली आणि म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं.

"त्यो तकडं वरडत व्हता," ती म्हणाली, "आन ह्यो भाकर खात व्हता?"

 तिनं कपाळावर हात धरून माझं तोंड नीट निरखलं आणि ओट्याकडं वळून विचारलं, "ह्योच का रं?"

"व्हय," वाटाडा म्हणाला. "ह्योच."